मैदानावरचे ‘नरो वा कुंजरो वा’

उत्तेजक द्रव्यांविषयी प्रश्न आला की खेळाडू ‘मी एकाही चाचणीत दोषी आढळलो नाही’ असे सांगतो आणि समाजाचे समाधान होते. या अर्धसत्याने खेळाची आणि राष्ट्राभिमानाची जी हानी केली आहे, तिचा हिशेब मांडणे आवश्यक आहे.

५ ऑक्टोबर २००७ या दिवशी न्यूयॉर्कजवळच्या व्हाइट प्लेन्स येथील न्यायालयाच्या पायऱ्यांवर एक स्त्री पत्रकारांसमोर उभी राहिली. बोलता बोलता तिला अश्रू आवरेनात. सात वर्षांपूर्वी सिडनी ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्ण व दोन कांस्य अशी पाच पदके जिंकून साऱ्या जगाला दिपवणारी अमेरिकेची धावपटू मॅरियन जोन्स ती हीच. आपण उत्तेजक द्रव्ये घेतली आणि तपास अधिकाऱ्यांशी त्याविषयी खोटे बोललो, हे तिने त्या दिवशी न्यायालयात मान्य केले होते. पुढे तिला सहा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. हा कारावास उत्तेजक द्रव्ये घेतल्याबद्दल नव्हता, तो असत्य कथनाबद्दल होता, हे मुद्दाम ध्यानात घेतले पाहिजे.

तोपर्यंतची काही वर्षे हीच जोन्स पत्रकारांना काय सांगत होती? आपण दीडशेहून अधिक चाचण्यांना सामोरे गेलो आणि निर्दोष ठरलो, हे तिचे ठरलेले उत्तर होते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात तिने आपल्या निर्दोषत्वाची ग्वाही मोठ्या लाल अक्षरांत छापली. त्याच वर्षी व्हिक्टर कॉन्टे या पुरवठादाराने दूरचित्रवाणीवर तिचे नाव घेतले, तेव्हा तिने त्याच्यावर अडीच कोटी डॉलरचा दावा ठोकला. लाल अक्षरे, वकिलांची फौज आणि चाचण्यांची आकडेवारी यांच्या मागे एक साधे सत्य दडले होते. प्रश्न विचारणारे खरे होते आणि उत्तर देणारी खोटी होती.

सत्याचा आभास

महाभारतातील द्रोणवधाचा प्रसंग मराठी घराघरांत ठाऊक आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला आणि पुत्रवियोगाच्या शंकेने व्याकुळ झालेल्या द्रोणाचार्यांनी युधिष्ठिराला विचारले. युधिष्ठिराने उत्तर दिले, पण ‘नरो वा कुंजरो वा’ हे शब्द हलक्या आवाजात उच्चारले. शब्दशः पाहता तो खोटे बोलला नव्हता. तरीही भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकला. धर्मराजालाही अर्धसत्याची सवलत मिळाली नाही!

‘मी कधीही चाचणीत दोषी आढळलो नाही’ हे वाक्य याच जातीचे आहे. पत्रकार विचारतो, ‘तुम्ही द्रव्य घेतले का?’ खेळाडू सांगतो, ‘प्रयोगशाळेला ते सापडले नाही.’ या दोन गोष्टी एक नाहीत. प्रयोगशाळा तिला ठाऊक असलेले रेणू शोधते. कॉन्टेच्या ‘बाल्को’ या कॅलिफोर्नियातील कंपनीकडून वाटले जाणारे टीएचजी हे स्टेरॉइड चाचणीच्या जाळ्यातून निसटावे या हेतूनेच तयार केले होते. २००३ च्या उन्हाळ्यात एका प्रशिक्षकाने त्याचा अंश असलेली सिरिंज अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेकडे पाठवली. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील डॉ. डॉन कॅटलिन यांच्या प्रयोगशाळेने ते द्रव्य ओळखले आणि मगच त्याची चाचणी अस्तित्वात आली. ती सिरिंज पाठवणारा ट्रेव्हर ग्रॅहॅम हा जोन्सचाच एके काळचा प्रशिक्षक! त्यापूर्वीच्या दीडशे काय, दीड हजार चाचण्यांतूनही टीएचजी सापडणे शक्य नव्हते. तिचा सहचर टिम मॉन्टगोमेरी याने १०० मीटर शर्यतीत ९.७८ सेकंदांचा विश्वविक्रम केला होता. चाचणीत दोषी न ठरताही केवळ अन्य पुराव्यांच्या आधारे २००५ साली त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली आणि तो विक्रम पुसला गेला.

सबबींचे संग्रहालय

अर्धसत्य अपुरे पडले की सबबी सुरू होतात. १९८८ साली सोल येथे कॅनडाचा बेन जॉन्सन ९.७९ सेकंदांत धावला आणि तीन दिवसांत त्याचे पदक काढून घेतले गेले. कोणीतरी आपल्या पेयात काही मिसळले असावे, असा बचाव तेव्हा पुढे आला. पुढच्या वर्षी चौकशी आयोगासमोर शपथेवर बसताच खरे काय ते बाहेर पडले. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ग्रीसचे कोस्तास केंतेरिस व कातेरिना थानू हे धावपटू चाचणीसाठी हजर राहिले नाहीत. मोटारसायकलच्या अपघाताची कथा सांगत ते रुग्णालयात दाखल झाले आणि सहा दिवसांनी स्पर्धेतून बाहेर पडले. यजमान देशाचे हे लाडके तारे! अमेरिकेच्या केली व्हाइटने २००३ च्या पॅरिस जागतिक स्पर्धेत १०० व २०० मीटरची सुवर्णपदके जिंकली. तिच्या नमुन्यात उत्तेजक सापडले तेव्हा तिने अतिनिद्रेच्या आजाराचे कारण पुढे केले.

मात्र व्हाइटची कथा येथे संपत नाही. मे २००४ मध्ये तिने सबबींचे ओझे टाकून दिले, स्टेरॉइड घेतल्याची कबुली दिली, दोन वर्षांची बंदी स्वीकारली आणि तपासाला साह्य केले. तिची पदके गेली, कारकीर्द संपली. पण पुढचे असत्य बोलण्याची वेळ तिच्यावर आली नाही. जोन्सने याच सुमारास दावे ठोकण्याचा मार्ग निवडला. दोघींसमोर प्रश्न एकच होता. एकीने बंदी भोगली, दुसरीने कारागृहही पाहिले.

लेखणीची जबाबदारी

दोष केवळ खेळाडूंचा नाही. सप्टेंबर २००० मध्ये सिडनीत जोन्सचा तत्कालीन पती, गोळाफेकपटू सी. जे. हंटर चार चाचण्यांत दोषी ठरल्याचे उघड झाले. पत्रकार परिषदेत तो रडला, जोन्स त्याच्या पाठीशी उभी राहिली आणि लोहयुक्त पूरक गोळ्यांत भेसळ असावी, असा खुलासा एका आहारतज्ज्ञाने केला. तो आहारतज्ज्ञ म्हणजे व्हिक्टर कॉन्टे! बाल्कोचे बिंग फुटायला आणखी तीन वर्षे जावी लागली. पदकांच्या झगमगाटात प्रश्न विचारण्याचा कंटाळा आला, की पत्रकारितेचे रूपांतर भाटगिरीत होते.

याउलट ज्यांनी प्रश्न सोडला नाही, त्यांनी किंमत मोजली. ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’च्या मार्क फैनारू-वाडा व लान्स विल्यम्स या दोन वार्ताहरांनी बाल्को प्रकरणातील साक्षी उजेडात आणल्या. आपला स्रोत सांगण्यास नकार दिल्याबद्दल २००६ साली त्यांना अठरा महिन्यांपर्यंत कारावासाचा आदेश झाला. स्रोत कोण ते उघड झाल्याने तो प्रसंग टळला.

पण प्रश्न विचारणे म्हणजे निकाल देणे नव्हे, हेही तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे. २००२ च्या बुसान आशियाई स्पर्धेत १५०० मीटरचे सुवर्ण आणि ५००० मीटरचे कांस्य जिंकणाऱ्या सुनीता राणीला नॅन्ड्रोलोनच्या आरोपाखाली दोन्ही पदकांना मुकावे लागले. तिने आरोप ठामपणे नाकारला. भारताने पाठपुरावा केला, प्रयोगशाळेच्या कामातील त्रुटी उघड झाल्या आणि २००३ च्या आरंभी पदके तिला परत मिळाली. तेव्हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा अधिकार कोणत्याही वृत्तपत्राला नाही. आधार असेल तर तोंडावर विचारावे, मिळालेले उत्तर जसेच्या तसे छापावे, आणि आरोप ज्या पानावर छापला त्याच पानावर तेवढ्याच ठळक अक्षरांत निर्दोषत्वही छापावे.

राष्ट्राभिमानाची ढाल

आता अधिक अवघड विषयाकडे वळावयास हवे. परदेशी धावपटूंच्या लबाडीवर बोट ठेवताना सर्वांनाच समाधान वाटते. प्रश्न आपल्या खेळाडूला विचारला गेला, की मात्र सूर पालटतो. ‘देशासाठी पदक आणणाऱ्या मुलीला असे विचारता?’ असा संताप घराघरांतून उमटतो. हा संताप प्रामाणिक आहे. पण तो चुकीच्या जागी आहे.

ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या महिलांनी ४ × ४०० मीटर रिलेचे सुवर्ण जिंकले. त्याच मैदानावर नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या वनवासी पाड्यावरच्या कविता राऊतने १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. पुढच्याच वर्षी सहा महिला धावपटू स्टेरॉइडच्या चाचणीत दोषी ठरल्या. त्यांत त्या सुवर्णविजेत्या चमूतील तिघी होत्या. परदेशी प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांतून हे घडले, असे त्यांचे म्हणणे होते. त्या प्रशिक्षकाला काढून टाकण्यात आले. धावपटूंना आधी एक वर्षाची बंदी झाली. आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने २०१२ साली ती दोन वर्षांची केली. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच, हा या क्षेत्रातील मूलभूत नियम आहे. नमुने २०११ चे असल्याने दिल्लीचे सुवर्ण कायम राहिले. परंतु २०१० च्या त्या जल्लोषात कोणी गोळ्यांविषयी, प्रशिक्षकाविषयी प्रश्न केला असता, तर त्याला देशद्रोही ठरवायला कितीसा वेळ लागला असता?

तेव्हा न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच मैदानाने पुन्हा दिले. सप्टेंबर २०२३ मध्ये तेथे दिल्ली राज्य ॲथलेटिक्स स्पर्धा चालू असताना राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे अधिकारी येऊन पोहोचले. बातमी पसरताच खेळाडू दिसेनासे झाले आणि पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू धावला. जागतिक संस्थेच्या अहवालानुसार त्या वर्षी भारतात तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ दोषयुक्त निघाले. पाच हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. हे कोणा परकीयाचे कारस्थान नव्हे. हे घरातलेच दुखणे आहे.

दुखणे झाकण्याचा परिणाम काय होतो, ते रशियाकडे पाहून शिकावे. डिसेंबर २०१४ मध्ये जर्मनीच्या दूरचित्रवाणीवर पत्रकार हायो झेपेल्ट यांनी रशियन ॲथलेटिक्समधील संघटित उत्तेजक सेवनाचे पुरावे मांडले. माहिती देणारी धावपटू युलिया स्तेपानोवा हिला मायदेशात फितूर ठरवण्यात आले, आरोप खोटे म्हणून फेटाळले गेले. वर्षभरातच चौकशीत ते खरे ठरले आणि रशियाच्या महासंघाचे निलंबन झाले. ते उठायला २०२३ साल उजाडले. दरम्यान ज्यांनी काहीच केले नव्हते अशा रशियन खेळाडूंनाही आपल्या ध्वजाखाली धावता आले नाही. सुक्याबरोबर ओलेही जळाले.

राष्ट्राभिमान म्हणजे काय, याचे उत्तर ब्रिटनच्या डॅरेन कॅम्पबेलने २००६ साली गोथेनबर्गच्या युरोपीय स्पर्धेत दिले. रिलेचे सुवर्ण जिंकल्यावरही त्याने संघाबरोबर विजयफेरी घेण्यास नकार दिला, कारण टीएचजी प्रकरणात बंदी भोगून आलेला ड्वेन चेंबर्स त्या संघात होता. चेंबर्समुळेच कॅम्पबेल व त्याच्या सहकाऱ्यांना आधीची रिलेची पदके गमवावी लागली होती. स्वदेशाच्या विजयाच्या क्षणीही ज्याला प्रश्न पडतो, तोच ध्वजाचा खरा मान राखतो.

हरवलेला क्षण

या साऱ्या असत्याचे मोल कोण देते? सिडनीत २०० मीटरमध्ये जोन्सच्या मागे बहामाची पॉलीन डेव्हिस-थॉम्प्सन दुसरी आणि श्रीलंकेची सुशांतिका जयसिंघे तिसरी आली होती. जोन्सची पदके रद्द झाल्यावर २००९ साली एकीच्या नावे सुवर्ण, दुसरीच्या नावे रौप्य झाले. मधली नऊ वर्षे त्यांना कोण परत देणार? १०० मीटरमध्ये तर जोन्समागोमाग आलेली धावपटू थानूच होती. म्हणून ऑलिंपिक समितीने ते सुवर्ण कोणालाच दिले नाही. ती जागा आजही रिकामी आहे.

सावरपाड्यासारख्या वस्त्यांतून, साताऱ्या-बीडच्या माळरानावरून आज कितीतरी मुले-मुली पहाटे अनवाणी धावायला निघतात. त्यांच्या घामावर उद्या संशयाची सावली पडू नये, असे ज्यांना वाटते त्यांनी प्रश्नांना घाबरू नये. खेळाडूने सरळ सांगावे, ‘घेतलेले नाही.’ कोणता वैद्य, कोणत्या गोळ्या, कोणता प्रशिक्षक हेही न विचारता सांगावे. चूक झाली असेल तर देणाऱ्याचे नाव घ्यावे. पालकांनी मुलाच्या पिशवीतील डब्यांवरची अक्षरे वाचावीत, आणि कार्यकर्त्यांनी सत्काराची शाल पांघरण्याआधी हाच प्रश्न आपुलकीने विचारावा. कर नाही त्याला डर कशाला? ज्या राष्ट्राने आपल्या बोधवाक्यात सत्याला जय दिला आहे, त्याच्या पदकांना अर्धसत्याचा टेकू लागू नये. पदक एखादे कमी आले तरी चालेल. रथ चार अंगुळे वरच राहिला पाहिजे.