लिंबाखालचा ट्रॅक्टर किलोवर विकू नका

लिंबाखाली उभा असलेला ट्रॅक्टर प्रत्येक गावात आहे. पुढची चाके मातीत रुतलेली, सीटच्या जागी पोते, बॉनेटवर कोंबड्या. घरातली पोरे त्याच्या स्टेअरिंगशी खेळत मोठी झाली, कामाला लागली. भंगारवाला वर्षातून दोनदा येतो, किलोचा भाव सांगतो, चहा घेऊन जातो. कापसाचे पैसे अडकले किंवा पोराची फी थकली की एक दिवस तो चहा न घेता ट्रॅक्टर घेऊन जातो. गेल्या दोन हंगामांत आमच्या ओळखीतल्या घरांतून असे तीन ट्रॅक्टर गेले. त्यातला एक गेला नसता तरी चालला असता, हे आम्हाला तो गेल्यावर कळले. म्हणून चौथ्याला आम्ही हात घातला.

हा चौथा एचएमटी २५११. पंचवीस हॉर्सपॉवरचा, दोन सिलिंडरचा. मालकाच्या वडिलांनी घेतलेला. आज ज्यांची साठी उलटली त्यांना ते दिवस आठवत असतील. ट्रॅक्टर पैसे टाकून मिळत नव्हता. नंबर लावायचा आणि वाट पाहायची. विक्री-वाटपावर नियंत्रणाचा हुकूम १९७१ सालचा. बाहेर देशातून आलेले ट्रॅक्टर राज्यांच्या कृषी उद्योग महामंडळांमार्फत वाटले जात. त्याच १९७१ मध्ये हरियाणातल्या पिंजोरला एचएमटी या सरकारी कारखान्याने चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचे तंत्र घेऊन ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. जुनी माणसे अजूनही त्याला ‘झेटर’च म्हणतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायला मंजुरी दिली.

सरकारने कारखाना बंद केला याचे आम्हाला दुःख नाही. सरकारने ट्रॅक्टर का बनवावेत, हाच आमचा जुना प्रश्न. पण ज्यांनी नंबर लावून, जमीन गहाण टाकून तो घेतला त्यांच्या दारात यंत्र तसेच उभे राहिले आणि त्याचे पार्ट कोठून आणायचे हे कोणी सांगितले नाही. त्याच काळातले इतर ट्रॅक्टर पाहा. फरीदाबादला १९५९ मध्ये सुरू झालेला आयशर २००५ मध्ये टॅफेकडे गेला, पंजाबचा स्वराज २००७ मध्ये महिंद्राकडे गेला. मालक बदलले, पण नाव आणि माल बाजारात राहिला. एचएमटीवाला मात्र पोरका झाला.

आता दुरुस्तीचे सांगतो. ज्यांना करायची आहे त्यांनी हा भाग जपून ठेवावा.

पहिली चूक बहुतेक जण पहिल्याच दिवशी करतात. दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढतात. वर्षानुवर्षे उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा लायनरला गंजाने चिकटलेल्या असतात. ओढले की रिंग तुटते, कधी कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हजाराचे काम दहा हजारांवर जाते. आम्ही नोझल काढून त्या भोकांतून डिझेल ओतले आणि चार दिवस तसेच राहू दिले. मग पुढच्या पुलीला पान्हा लावून हाताने थोडे पुढे, थोडे मागे. पाचव्या दिवशी इंजिन हलले. त्या दिवशी मालकाच्या आईने गूळ वाटला. आम्ही सांगितले, माय, अजून बरेच बाकी आहे.

डिपस्टिक काढली तर तेल ताकासारखे पांढरे. म्हणजे पाणी तेलात उतरलेले. या इंजिनाचे लायनर ओले, त्यांच्या बाहेरून थेट पाणी फिरते आणि खाली रबरी रिंगा पाणी अडवतात. रबर वाळले की पाणी चेंबरमध्ये. वरून आमच्याकडचे बोअरचे जड पाणी. ब्लॉकच्या आत क्षाराचे इतके थर की पाण्याला फिरायला वाट नव्हती. पण ओल्या लायनरचा एक फायदा आहे. ब्लॉक बोअर करायला शहरात न्यावा लागत नाही. जुना लायनर ओढून काढायचा, बसण्याची जागा खरवडून साफ करायची, नव्या रिंगा लावून नवा दाबायचा. गावातला मिस्त्री हे करू शकतो. आमच्या मिस्त्रीने केले.

प्रश्न होता लायनर-पिस्टनचा. तालुक्याच्या दुकानदाराने मान हलवली. ‘ती कंपनी बंद पडली, आता माल येत नाही. एक्सचेंजमध्ये द्या, नवा काढून देतो.’ ट्रॅक्टर विकणारा हाच, कर्जाचे कागद करणारा हाच, आणि पार्ट नाही म्हणणाराही हाच. त्याच्या बोलण्यातले कंपनी बंद झाल्याचे खरे होते. माल येत नाही हे खोटे होते. एचएमटीचे पार्ट कंपनीबाहेरचे कारखानदार पूर्वीही करत होते, आजही करतात. लुधियाना आणि राजकोटकडे असे छोटे कारखाने आहेत, दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारात त्यांचा माल मिळतो. आमचा किट ट्रान्सपोर्टने दहा दिवसांत आला.

तो मागवताना झेटरच्या घडणीतली एक गोष्ट उपयोगी पडली. त्या चेक कारखान्याने या पिढीचे ट्रॅक्टर एका साच्यावर बेतले होते. दोन सिलिंडर, तीन सिलिंडर, चार सिलिंडर अशी इंजिने केली, पण पिस्टन, लायनर, व्हॉल्व असे कितीतरी भाग एकाच घडणीचे ठेवले. म्हणजे २५११ चा माल नसेल तर ३५११ चा विचारा. पार्ट्स बुकातला नंबर आणि व्हर्निअरवरचे माप दोन्ही जुळले तरच पैसे द्या. पार्ट्स बुक नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून झेरॉक्स काढा. सुटे सुटे भाग चित्रात मांडलेले आणि प्रत्येकाला नंबर दिलेले ते पुस्तक दुकानदाराच्या शंभर शब्दांपेक्षा कामाचे आहे.

बेअरिंग आणि ऑइल सील तर ट्रॅक्टरच्या नावाने मागूच नयेत. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. ६२०५ असेल तर शेवटच्या ०५ ला पाचाने गुणा, आतले भोक २५ मिलिमीटर. बाहेरचे माप ५२, जाडी १५. हा नंबर जगभर एकच. तो पंख्याचा, मोटारीचा, पंपाचा, ट्रॅक्टरचा असे काही नसते. ऑइल सीलवरही आतले, बाहेरचे आणि जाडी अशी तीन मापे असतात. ‘एचएमटीचे सील द्या’ म्हटले की ‘नाही’ असे उत्तर येते. ‘पस्तीस-बावन्न-दहा द्या’ म्हटले की तोच माणूस फळीवरून काढून देतो. आमच्याबरोबर असे दोनदा घडले, दुकान तेच.

नट-बोल्टचेही असेच सांभाळावे लागते. झेटरचे आटे मिलिमीटरचे. जुन्या मॅसी १०३५ आणि इंटरनॅशनल बी-२७५ यांची घडण विलायती, त्यांचे आटे इंचाचे. आठ मिलिमीटरचा बोल्ट आणि पाच सोळांशाचा बोल्ट डोळ्यांना सारखेच दिसतात. दोन फेरे सरळ जातात, तिसऱ्याला अडतात. तेथे जो पान्हा लावून जोर करतो तो आटे खातो. आमच्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सवर असा जोर पूर्वी कोणीतरी करून ठेवला होता. तीन भोके पुन्हा पाडून नवे आटे पाडावे लागले.

क्रँक घासून खालच्या मापाचे बेअरिंग टाकले. डिझेल पंप खोलायचा मोह आवरला आणि कॅलिब्रेशनवाल्याकडे दिला. पंप घरी खोलणारे शूर खूप आहेत, त्यांचे ट्रॅक्टर काळा धूर सोडतात. हायड्रोलिक लिफ्ट उचलत नव्हती. त्यात ओ-रिंगा गेल्या होत्या आणि एक छोटी पिन झिजली होती. ती पिन कोठेच मिळाली नाही. लेथवाल्याने ट्रकच्या जुन्या अॅक्सलच्या तुकड्यातून काढून दिली. त्याने तिचे घेतले एकशे ऐंशी रुपये. एकीसाठी लेथ लावायची तर दुसरी का नको म्हणून त्याने दोन काढल्या. जादाची आमच्याकडे आहे, कोणाला लागली तर द्यायची आहे.

एका जागी फसलोही. क्लच प्लेट घेतली ती डब्यावर नामांकित कंपनीचे नाव असलेली. पंधरा दिवसांत अस्तर उडाले. डब्यावरचे नाव खरे होते, आत माल दुसराच. दुकानदाराने पावती दिली नव्हती आणि आम्ही मागितली नव्हती. मालाचे दाम बुडाले की आपण व्यापाऱ्याला बोलतो, मग पार्ट घेताना पावतीला का लाजतो? २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या ठरावीक पार्टवरचा आणि टायरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. ही सूट तुमच्या खिशात आली की दुकानदाराच्या, हे पावतीशिवाय कसे कळणार?

टायर जुनेच ठेवले. ते सोडून सगळा खर्च साठ हजारांच्या आसपास गेला. नवा लहान ट्रॅक्टर घ्यायचा तर लाखांत जातो, वर बँकेचा हप्ता, आणि हप्ता पावसाची वाट पाहत नाही. आमच्या कोरडवाहूत ट्रॅक्टरला वर्षाचे काम किती? उन्हाळ्याची नांगरट, पऱ्हाटी काढणे, ज्वारीची मळणी, पाण्याचा टँकर, ट्रॉलीभर कापूस बाजारात नेणे. डवरणीला बैल आहेतच. एवढ्याला पंचवीस हॉर्सपॉवर पुरतात. मात्र प्रत्येक जुना ट्रॅक्टर उभा करा असे आम्ही म्हणत नाही. ब्लॉकला तडा असेल, क्राउन-पिनियन आणि गिअर दोन्ही गेले असतील, तर मन घट्ट करा. तो पार्टसाठी ठेवा, पण किलोवर देऊ नका. एका मेलेल्या ट्रॅक्टरवर दोन जिवंत चालतात.

कागदांची एक अफवाही खोडून काढली पाहिजे. दहा वर्षे झाली की ट्रॅक्टर सरकार भंगारात काढणार, असे मोबाईलवर फिरले आणि लोकांनी घाबरून विकले. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने जून २०२३ मध्ये खुलासा केला आहे. शेतीचा ट्रॅक्टर पहिल्यांदा पंधरा वर्षांसाठी नोंदतात, पुढे पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवता येते. खरी अडचण वेगळी आहे. नोंदणी अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असते. सातबाऱ्याचा फेरफार करता, तसाच हाही वेळेवर करून घ्या.

एवढा त्रास शेतकऱ्याने एकट्याने का करायचा? पार्ट दडवणे ही धंद्यातली जुनी रीत आहे. मोटारींच्या बाबतीत स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला, कारण त्या खरे पार्ट खुल्या बाजारात मिळू देत नव्हत्या. पुढे त्यावर अपिले झाली, तो भाग वेगळा. अमेरिकेत तर गोष्ट पार्टच्या पुढे गेली. तेथे ट्रॅक्टरमधला संगणक कंपनीच्या माणसाशिवाय उघडत नाही. कोलोरॅडो राज्याने शेतकऱ्याला दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये तेथील केंद्रीय व्यापार आयोगाने याच कारणासाठी जॉन डिअरवर दावा लावला. हे लांबचे समजू नका. आपल्याकडे ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम आहेत आणि त्यासाठी इंजिनात इलेक्ट्रॉनिक यंत्रणा येऊ लागली आहे. नातवाच्या ट्रॅक्टरला नोझलच्या भोकातून डिझेल ओतून भागणार नाही.

दिल्लीत ग्राहक खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, शेतीची यंत्रे त्यात घेतली. डिसेंबरात एक संकेतस्थळ उघडले. संकेतस्थळावर गिअर मिळत नाही. आमचे मागणे दोन ओळींत मावते. जी कंपनी मॉडेल बंद करील तिने ठरावीक वर्षे पार्ट पुरवावेत, आणि ते जमत नसेल तर नकाशे कोणत्याही कारखानदाराला खुले करावेत. आणि एचएमटीचे नकाशे आजच खुले करावेत. तो कारखाना जनतेच्या पैशावर चालला. त्याच्या ट्रॅक्टरचे नकाशे झेरॉक्सच्या दरात प्रत्येक आयटीआयला आणि लेथवाल्याला मिळाले पाहिजेत. यात सरकारला अनुदान द्यावे लागत नाही, कपाट उघडावे लागते.

पुढच्या जिल्हा बैठकीत यावर ठराव येईल. येताना प्रत्येक गावातून एक कागद आणा. गावात उभे ट्रॅक्टर किती, कोणत्या नावाचे, इंजिन नंबर काय, कोणता पार्ट अडला आहे, आणि कोणाकडे कोणता पार्ट पडून आहे. मोडलेला पार्ट हाताने उचलेल एवढा असेल तर तोच घेऊन या. लेथवाले तिघे येणार आहेत, व्हर्निअर त्यांच्याकडे असेल. २५११ चे पार्ट्स बुक आमच्याकडे आहे. झेरॉक्सचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे आहेत.