वारस नेमायचा की घडवायचा?

आपल्या चळवळीत वारस कोण, हा प्रश्न अंत्ययात्रा झाल्यावर विचारला जातो. तोवर वहीखाते एकाच्या घरी असते, शिक्का दुसऱ्याच्या. मग दोन गट, दोन जयंत्या.

नांदेडकरांना वेगळे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. ऑक्टोबर १७०८ मध्ये याच गोदाकाठी गुरू गोविंदसिंगांनी शेवटच्या दिवसांत गुरुपद माणसाला न देता ग्रंथाला दिले. चारही मुले आधीच गेली होती, मग देणार कुणाला, असे कुणी म्हणेल. पण अनुयायी होतेच. इथेच भेटलेल्या माधोदास बैराग्याला, म्हणजे बंदासिंग बहादूरला, त्यांनी पंजाबातल्या लढाईची जबाबदारी दिली. त्याला सेनानी केले, गुरू केले नाही. १७१६ मध्ये दिल्लीत बंदासिंगाला ठार मारले गेले, तरी गुरुपद जागचे हलले नाही, कारण ते त्याच्याकडे नव्हतेच.

तथागतांनीही उत्तराधिकारी नेमला नाही, धम्मावर विसंबायला सांगितले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना बाबासाहेबांनी हा मुद्दा मुद्दाम घेतला आहे. म्हणून 'बाबासाहेबांनी वारस नेमला नाही, म्हणून फूट पडली' हे चहाच्या टपरीवरचे निदान मला मान्य नाही. शेवटच्या दोन वर्षांत ते काय करत होते ते बघा. १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा. जुलै १९५६ मध्ये मुंबईत राजकारणात येणाऱ्या तरुणांसाठी प्रशिक्षण शाळा. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन मोडून व्यापक पक्ष काढायचा निर्णय. एक वारस नव्हे, वारस तयार होण्याच्या जागा ते उभ्या करत होते. ती शाळा त्यांच्यामागे वर्षभरही टिकली नाही. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत दुरुस्त-नादुरुस्त सुरू झाले.

आता आपल्याकडे या. नामांतरासाठी टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंनी १९७८ मध्ये जीव गमावला, तेव्हा विशीत असलेले कार्यकर्ते आज सत्तरीला टेकलेत. लाठ्या खाल्लेली ही पिढी, त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण नांदेड-लातूरच्या कितीतरी विहार समित्यांत, वसतिगृहांच्या ट्रस्टमध्ये अध्यक्ष तेच, सही तीच. "पोरं डीजेपुरती येतात," असे आपले दादा म्हणतात. बँकेच्या खात्यावर पोरांची सही कधी घेतली होती, दादा? आणि रविवारची वंदना, वर्गणी, हिशोब सांभाळणाऱ्या आयाबाया कार्यकारिणीत का दिसत नाहीत? (महिला प्रतिनिधी म्हणून एक नाव घालणे हे उत्तर नव्हे.)

हे काम भावनेचे कमी आणि कागदाचे जास्त आहे. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्त कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. अनेक ठिकाणी तो वर्षानुवर्षे दिलेलाच नसतो. माणूस जातो, रेकॉर्डवर मयतांची नावे राहतात आणि विहाराची जागा कुणाची, याची तारीख पडत राहते. म्हणून ज्येष्ठांनी हयातीत उठावे, सल्लागार म्हणून बसावे, चुका होऊ द्याव्यात आणि त्या सुधारायला जवळ असावे. मुलाला खुर्ची देणे म्हणजे सुपूर्द करणे नव्हे, ते घराणे झाले.

मित्रांनो, वर्षावासात ग्रंथवाचनाला सगळे विहारात येतातच. अश्विन पौर्णिमेच्या आत एक सर्वसाधारण सभा लावा, ठराव लिहा, त्याच आठवड्यात बँकेत नव्या सह्या द्या आणि ठरावाच्या तारखेपासून ९० दिवस मोजायला लागा.