एंटर दाबण्याआधी वर बघा

तर झालं असं. ४ जानेवारी २०२५, शनिवार. जुन्नरच्या पुढे एका मित्राचं शेत आहे, आजूबाजूला दिवे कमी. पुण्याहून गाडीत उशांमध्ये गुंडाळून आणलेली नवीकोरी दुर्बीण, खाली कॉम्प्युटराइज्ड माउंट, हातात बटणांचा हँडसेट. सोबत बाबा. त्या महिन्यात शुक्र, शनी, गुरू आणि मंगळ असे चार ग्रह एकाच रात्री दिसत होते, आणि बाबांना शनी दाखवायचं मी दिवाळीपासून कबूल करून ठेवलं होतं.

ज्यांनी असा माउंट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हँडसेटच्या मेमरीत हजारो तारे आणि तारकासमूहांचे पत्ते असतात. आपण 'शनी' म्हटलं की मोटर्स घुर्रर्र करत दुर्बीण तिकडे वळवतात. पण त्याआधी बिचाऱ्याला कळायला हवं की आपण पृथ्वीवर कुठे आहोत, किती वाजलेत आणि दुर्बिणीचं तोंड कुठे आहे. म्हणून ठिकाण, तारीख, वेळ भरायची, ट्रायपॉड सपाट करायचा, नळी उत्तरेकडे करायची आणि मग दोन तारे दाखवायचे. याला म्हणतात अलाइनमेंट.

दोन का? भिंतीवर कागद एकाच टाचणीने लावला तर तो गरागरा फिरतो. दुसरी टाचणी मारली की जागच्या जागी बसतो. आकाशाचंही तेच. एक तारा दाखवला तरी त्याच्याभोवती सगळा नकाशा फिरू शकतो, दुसऱ्याने तो पक्का होतो.

मी सगळं मॅन्युअलबरहुकूम केलं. हँडसेट म्हणाला, पहिला तारा रेग्युलस. दुर्बीण पूर्वेकडे वळली, चांगली उंच जाऊन थांबली. लाल ठिपक्याच्या फाइंडरमधून पाहिलं तर ठिपक्यापासून चार बोटांवर एक ठळक तारा. म्हटलं, पहिल्या ताऱ्याला एवढा फरक पडायचाच. बाणांची बटणं दाबून त्याला मधोमध आणलं, एंटर. दुसऱ्या ताऱ्याच्या वेळीही तेच. जवळपास जो चमकत होता तो पकडला, एंटर.

'अलाइनमेंट फेल्ड.'

पुन्हा केलं. पुन्हा फेल. तिसऱ्यांदा ट्रायपॉडची लेव्हल तपासली, बॅटरी तपासली, केबल काढून परत लावली. (आयटीवाल्याची सवय, दुसरं काय!) पाऊण तास गेला. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत शाल गुंडाळून बसले होते. शेवटी ते अगदी सहज म्हणाले, "अरे, तू सारखा त्या रोहिणीकडे काय लावतोयस?"

"रोहिणी नाही बाबा, रेग्युलस आहे तो."

"तांबूस दिसतोय की. आणि वर कृत्तिकांचा पुंजका आहे. रोहिणीच ती."

मी लॅपटॉप उघडला आणि स्टेलॅरियम चालू केलं. फाब्येन शेरो या फ्रेंच प्रोग्रामरने २००१ मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि माझ्या मते दुर्बीण घ्यायच्या आधी घ्यायची गोष्ट आहे. कंट्रोल आणि एन दाबून स्क्रीन लाल केली, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत. त्या ताऱ्यावर क्लिक केलं. अल्डेबरन. म्हणजे रोहिणी. मग रेग्युलस शोधला. रेग्युलस म्हणजे आपली मघा, आणि ती अजून क्षितिजाखाली होती! साडेनऊच्या सुमारास उगवणार होती.

मग हँडसेट तिला आकाशात उंचावर का शोधत होता? तारीख पाहिली. मी ०४/०१ भरलं होतं. हँडसेट अमेरिकन पद्धतीचा, आधी महिना आणि मग दिवस. त्याच्या हिशेबाने तो दिवस होता १ एप्रिल. एप्रिल फूल! दररोज एकाच वेळी पाहिलं तर आकाश साधारण एक अंश पुढे सरकलेलं असतं. ८७ दिवस म्हणजे जवळजवळ पाव आकाश. हँडसेटला दोन ताऱ्यांमधलं अंतर पाठ असतं. मी दाखवलेले भलतेच तारे त्यात बसेनात, म्हणून तो फेल म्हणत होता. मशीन बरोबर होतं. खोटी साक्ष मी देत होतो.

आणि खरी गंमत पुढेच. बाबांनी विचारलं, "तो चंद्राशेजारचा कोणता?" स्टेलॅरियममध्ये पाहिलं. शनी! ज्याच्यासाठी पाऊण तास मोटर्स घुरघुरत होत्या तो चंद्राच्या शेजारी उघडा बसला होता. नुसत्या हाताने दुर्बीण वळवली असती तरी पाच मिनिटांचं काम होतं.

आता मुद्दा. या विषयात दोन टोकाची माणसं भेटतात. एक म्हणतात, गो-टू माउंट म्हणजे फसवणूक, आकाश हाताने शोधावं. दुसरे म्हणतात, अलाइनमेंट वगैरे जुनं झालं, आता दुर्बीण स्वतःच फोटो काढते, त्यातली ताऱ्यांची रचना कॅटलॉगशी ताडून पाहते आणि आपण कुठे बघतोय ते ओळखते. यालाच प्लेट सॉल्व्हिंग म्हणतात. दुसऱ्यांचं खरं आहे. अशा दुर्बिणीला माझी तारखेची चूक फारशी नडलीच नसती. शहरात, जिथे गच्चीवरून जेमतेम दहा-बारा तारे दिसतात, तिथे ही पद्धत वरदानच आहे.

तरीही माझं मत असं की निदान पहिलं वर्षभर अलाइनमेंट स्वतः करावी, आणि नकाशाचं सॉफ्टवेअर शेजारी ठेवून करावी. कारण अख्ख्या प्रकारात मशीन आपल्याला एकच प्रश्न विचारतं: हा तोच तारा आहे ना? आणि आपण न वाचता 'आय ॲग्री' दाबावं तसं एंटर दाबतो. त्या एका प्रश्नाचं उत्तर खरं द्यायचं म्हटलं की आकाश शिकावंच लागतं. आणि ते अवघडही नाही, वर्षभरासाठी आठ-दहा तारे पुरतात. हिवाळ्यात रोहिणी, ब्रह्महृदय, व्याध. उन्हाळ्यात मघा, चित्रा, स्वाती. पावसाळा संपताना अभिजित आणि श्रवण. यातली बरीच नावं आपण लहानपणापासून पंचांगात ऐकलेली असतात. हँडसेट फक्त त्यांना कपेला, सिरियस, स्पायका, आर्क्ट्युरस, व्हेगा, अल्टेअर म्हणतो. या दोन भाषांमधला दुभाषी म्हणजे स्टेलॅरियम.

माझी आताची पद्धत सांगतो. निघायच्या आधी घरीच स्टेलॅरियममध्ये ती तारीख, ते ठिकाण आणि रात्री आठची वेळ लावून बघायची. दोन ठळक तारे निवडायचे, एकमेकांपासून लांब, अगदी डोक्यावर नकोत आणि क्षितिजालगतही नकोत. ध्रुवाच्या भरवशावर राहायचं नाही. आपल्या अक्षांशावर तो जेमतेम १८-१९ अंश वर असतो, म्हणजे डोंगराआड किंवा धुरकटात. टाइमझोन ५.५ भरायचा. चुकून ५ भरला तर अर्ध्या तासात आकाश साडेसात अंश फिरतं. तारा मधोमध आणताना फोकस थोडा बिघडवायचा, म्हणजे ठिपक्याची चकती होते आणि केंद्र चटकन कळतं. आणि एंटर दाबण्याआधी मान वर करून, नुसत्या डोळ्यांनी तो तारा ओळखायचा.

त्या रात्री तारीख सुधारल्यावर पहिल्याच फटक्यात 'अलाइनमेंट सक्सेसफुल' आलं. बाबांनी शनी पाहिला आणि म्हणाले, "कडी कुठायत रे?" त्यांचंही बरोबर होतं. मार्च २०२५ मध्ये कडी आपल्याला अगदी कडेने दिसणार होती, त्यामुळे जानेवारीतच ती बारीक रेघ झाली होती. चंद्र मावळल्यावर हँडसेटला एम १ सांगितला, १०५४ साली चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या ताऱ्याच्या स्फोटाचे अवशेष. मी जन्मात हाताने शोधला नसता असा पुसट धुरकट डाग नेमका मधोमध आला. मशीनची किंमत तेव्हा कळली.

बाबांनी तो डाग बराच वेळ पाहिला. मग नळीवरून डोळा काढून वर बघितलं आणि विचारलं, "म्हणजे रोहिणीच्या जरा खाली, डावीकडे, होय ना?"

पत्ता अगदी बरोबर होता.