मराठी की मुसलमान?

‘तू मराठी की मुसलमान?’ महाराष्ट्रातल्या शाळेत शिकलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी हा प्रश्न कधी ना कधी ऐकलेला असतो. विचारणाऱ्या मुलाच्या मनात कपट नसते. वर्गातली सगळी मुले मराठी आणि हा एक मुसलमान, अशी विभागणी त्याने गृहीत धरलेली असते. पुढे एखाद्या बाई कौतुकाने म्हणतात, ‘अरे, तुझं मराठी किती छान आहे!’ ज्याची मातृभाषा किंवा गल्लीतली रोजची भाषाच मराठी आहे, त्याला या कौतुकाचे काय करावे ते कळत नाही.

हा धडा कोणत्याही पुस्तकात छापलेला नाही, तरी शाळेत तो पक्का होतो. परिपाठाची प्रार्थना, भिंतीवरच्या तसबिरी, स्नेहसंमेलनातली नृत्ये, निबंधाचे विषय, डब्यात काय चालते आणि काय नाही, हे सारे मिळून मुलाला सांगतात की इथे ‘आपले’ कोण आणि ‘पाहुणे’ कोण. ज्या वर्गाच्या हाती सत्ता आणि प्रतिष्ठा असते, त्याच्या चालीरीती शाळेत ‘संस्कृती’ म्हणून वावरतात; बाकीच्यांच्या चालीरीती ‘त्यांची पद्धत’ ठरतात.

ही तक्रार फक्त मुसलमानांची नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुल्यांनी नेमक्या याच दुखण्यावर बोट ठेवले. सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गाला मिळतो, हा त्यांचा मुद्दा होता. त्यांनी केवळ शाळांची संख्या वाढवून मागितली नाही. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते मुलांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील, असे ते म्हणाले. अभ्यासक्रमात त्यांनी शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्य यांचाही आग्रह धरला. शाळेत कोण शिकते याइतकेच कोण शिकवते आणि काय शिकवते हेही महत्त्वाचे आहे, हे त्यांना उमगले होते.

इतिहासाचा तास आठवा. अफजलखानाचा धडा सुरू झाला की वर्गातल्या माना आपल्याकडे वळतात. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता आणि शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, हे त्याच वेळी सांगितले, तर ती सत्तेची लढाई होती हे दहा वर्षांच्या मुलालाही कळते. सोलापूरच्या लढ्यात १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला चौघे फासावर गेले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्यासोबत अब्दुल रसूल कुर्बान हुसेनही होते. श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत ग्रंथ लिहिणारे संत होते. संयुक्त महाराष्ट्राचा लढा डफावर पेटवणारे शाहीर अमर शेख बार्शीचे. ही माणसे महाराष्ट्राचीच आहेत. ती वर्गात भेटली, तर ‘मराठी की मुसलमान’ हा प्रश्नच उरणार नाही.

यावर काहींचा उपाय ठरलेला असतो : आपली मुले आपल्याच शाळेत घाला. पण बहुसंख्य मुस्लिम पालकांनी तो मार्ग निवडलेला नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार शाळकरी वयातल्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम ४ टक्के मदरशात जातात. शिवाय ‘आपल्या’ शाळेतही वर्चस्व असतेच. तिथे अश्राफ घराण्यांची अदब म्हणजे मुस्लिम संस्कृती. बागवान, अत्तार, तांबोळी, खाटीक, पिंजारी यांची बोली आणि कष्ट मात्र हसण्यावारी. मुलगी मोठ्याने बोलली की तिला ‘तहजीब’ आठवून दिली जाते. बाहेरच्या वर्चस्वावर बोलायचे आणि घरातले झाकायचे, हे सत्यशोधन नव्हे.

मग करायचे काय? आधी हक्क माहीत करून घ्यायचे. संविधानाच्या २८ व्या कलमानुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कोणालाही स्वतःच्या, आणि अल्पवयीन असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे सांगितले आहे. आपल्या मोहल्ल्यातल्या किती अम्मी-अब्बांना हे ठाऊक आहे? बैठकीची तारीख त्यांना सांगणे आणि त्यांच्यासोबत जाऊन बसणे, एवढे तरी आपण करू शकतो. तुमच्यापैकी जे डी.एड., बी.एड. करत आहेत, त्यांनी फुल्यांचे ते निवेदन जरूर वाचावे. वर्गात उभे राहणारा शिक्षक बदलला की पुस्तक तेच असले तरी धडा बदलतो.

आपली मागणी पुस्तकात मुसलमानांची स्तुती असावी अशी नाही. चुका करणारे सुलतान चुकांसह शिकवा, आपल्या समाजातल्या अन्यायावरही धडा असू द्या. मागणी इतकीच की शेवटच्या बाकावरच्या सलमाला वर्गातून घरी जाताना आपण या राज्यात पाहुण्या आहोत असे वाटू नये. शाळा सरकारची असो की संस्थेची, ती सलमाचीही आहे.