सही करणाऱ्यालाही जबाब द्यावा लागेल, असा कायदा मागा

मेहकर तालुक्यातील नागरिकांनो,

1891 साली आपल्या तालुक्यात सुमारे 1 लाख 53 हजार माणसे होती. 1901 च्या शिरगणतीत ती 1 लाख 21 हजारांच्या आत आली. मधल्या दहा वर्षांत दोन दुष्काळ पडले. कित्येक कुटुंबे पोटासाठी परमुलखात गेली, कित्येक इथेच संपली. इतिहासकार लक्ष्मण सत्या यांच्या अभ्यासानुसार 1899-1900 या एका दुष्काळात वऱ्हाडात सुमारे 1 लाख 43 हजार माणसे भुकेने मेली, आणि त्याच काळात वऱ्हाडातून कापसाबरोबर धान्यही बाहेर रवाना होत होते.

वऱ्हाडचा कारभार तेव्हा हैदराबादच्या रेसिडेंटकडे होता आणि त्याच्यावर कलकत्ता, सिमला. सढळ मदत केली तर रयतेची स्वावलंबनाची सवय मोडेल, असे व्हाइसरॉय कर्झन जाहीरपणे सांगत होते. पैनगंगेच्या काठी मेलेल्या एकाही माणसाचे तोंड त्यांनी पाहिले नसेल. शिधा किती द्यायचा हे मात्र तिकडे ठरत होते.

या दुष्काळाला मी वंशसंहार म्हणत नाही. वंशसंहारात एखादा समाज नष्ट करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. पण मरणारा इथे आणि ठरवणारा शेकडो कोस दूर, ही रचना दोन्हीकडे एकच आहे. जर्मनीत ज्यूंना मृत्युछावण्यांत नेणाऱ्या गाड्यांचे तिसऱ्या वर्गाचे भाडे रेल्वे खाते रीतसर आकारत होते: लहान मुलांना अर्धे तिकीट, चारशेच्या वर माणसे असली की सवलत. कुणीतरी ते बिल बनवले, कुणीतरी तपासले, कुणीतरी मंजूर केले. या गाड्यांची व्यवस्था लावणारा आइकमन 1961 साली जेरुसलेमच्या न्यायालयात हेच सांगत राहिला की आपण फक्त हुकूम पाळले. न्यायालयाने ते मानले नाही.

भारतात असा खटला उभा राहिला तर कोणते कलम लावायचे? तसे कलमच नाही. वंशसंहारविरोधी आंतरराष्ट्रीय कराराला भारताने 1959 मध्ये मान्यता दिली. राज्यकर्ता असो, सरकारी अधिकारी असो वा खासगी माणूस, प्रत्येकाला शिक्षा झाली पाहिजे, असे त्याचे चौथे कलम सांगते. त्यासाठी देशात कायदा करण्याचे बंधन पाचवे कलम घालते. तो कायदा आजवर झालेला नाही. 1984 च्या शीखविरोधी हत्याकांडातील सज्जन कुमार खटल्याचा निकाल देताना दिल्ली उच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2018 रोजी ही उणीव तातडीने दूर करा असे लिहिले. 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यातही हा गुन्हा नाही.

घाई यासाठी की राज्यघटनेच्या कलम 20 प्रमाणे आज केलेला फौजदारी कायदा कालच्या कृत्याला लावता येत नाही. माणसे मारली गेल्यावर केलेला कायदा त्या मेलेल्यांच्या काहीच उपयोगाचा नसतो. तो आधीच हवा, शांतता असताना हवा, म्हणजे आत्ता.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. येत्या ग्रामसभेत वंशसंहाराविरुद्ध कायदा करा, असा ठराव मांडा. मेहकर शहरातल्यांनी आपल्या नगरसेवकाला गाठावे. वकील मंडळींनी मसुदा करून द्यावा, आणि त्यात दोन गोष्टी स्पष्ट असाव्यात. पहिली, हुकूम देणारा, यादी पुरवणारा आणि थांबवण्याचा अधिकार असून गप्प बसणारा, तिघेही गुन्ह्याच्या कक्षेत यावेत. दुसरी, सरकारी नोकरावर खटला भरायला सरकारचीच पूर्वमंजुरी लागते, ती अट या गुन्ह्याला नसावी; नाहीतर ज्याने हुकूम दिला त्याच्याच परवानगीची वाट पाहत बसावे लागेल.

तलाठी, ग्रामसेवक, मंडळ अधिकारी, कचेरीतले लिपिक आणि शिक्षक यांना वेगळे सांगायचे आहे. यादी शेवटी तुमच्याच हातून तयार होते. एखाद्या समाजाची घरे, दुकाने, माणसे मोजून द्या असा तोंडी निरोप आला, तर कोणत्या कायद्याखाली आणि कशासाठी ते विचारा, आणि आदेश लेखी मागा. वरिष्ठाकडून आदेश लेखी घेण्याची तरतूद तुमच्या वर्तणूक नियमांत आहे. उत्तर पटले नाही तर तुमचा आक्षेप फाइलवर नोंदवा. तुमच्यावर दबाव येईल, बदलीची भीतीही असेल, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच बाकीच्या आम्ही नागरिकांनी अशा कर्मचाऱ्याच्या पाठीशी उघडपणे उभे राहायचे आहे.

ठरावाची एक प्रत तहसील कार्यालयात द्या आणि पोच घ्या. दुसरी बुलढाण्याच्या खासदारांना स्पीड पोस्टाने पाठवा. अधिवेशनात हा प्रश्न कधी विचारणार, याचे त्यांच्याकडून लेखी उत्तर मागा.