घरमालक कंपनी असेल तर?

2008 च्या मंदीत अमेरिकेत लाखो कुटुंबांची घरं कर्जापायी गेली. अशी घरं विकत घेऊन भाड्याने देण्यासाठी ब्लॅकस्टोनने 2012 मध्ये इन्व्हिटेशन होम्स उभी केली. छुपे शुल्क लावणं, अनामत अडवणं अशा आरोपांवर 2024 मध्ये या कंपनीने 4 कोटी 80 लाख डॉलर भरायचं कबूल केलं.

छत्रपती संभाजीनगरात घरमालक म्हणजे अजून वरच्या मजल्यावरचे काकाच. पण शेंद्रा-बिडकीनला कारखाने येताहेत, कामगारांना घरं लागणार. जिथे मागणी, तिथे पैसा पोहोचतोच.

माझे काही मुस्लिम मित्र म्हणतात, येऊ द्या कंपनी! ती भाडं बघेल, नाव नाही. त्यांचं दुखणं मला कळतं. फोनवर ठरलेलं घर नाव सांगताच ‘कालच गेलं’ होतं, हे मीही ऐकलंय. मग पुन्हा किराडपुरा, नाहीतर रोशन गेट.

तरी हा उपाय मला पटत नाही. काका एक दार बंद करतात. कंपनीने निकष लावला तर शेकडो दारं एकदम बंद होतील. दाद कुठे मागायची? राज्यघटनेच्या कलम 15(2) मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी आहेत. भाड्याचं घर नाही. केंद्राचा 2021 चा आदर्श भाडेकरू कायदा अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती ठेवतो, पण धर्मावरून घर नाकारण्याबद्दल गप्प आहे.

म्हणून मागणी एकच: जात-धर्म पाहून घर नाकारता येणार नाही, हे राज्याच्या भाडे कायद्यात लिहा. मालक काका असोत की कंपनी.