सोंग पोरालाच रंगवू द्या

मायबहिणींनो, शाळेचे संमेलन आले की आपण तालुक्याहून भाड्याचा पोशाख आणतो. यंदा ते पैसे राखा. रद्दी रात्रभर भिजवा, कुटून पिठाच्या खळीत मळा. पालथ्या मडक्याला तेलाचा हात लावून लगदा थापा. २-३ दिवस कडक उन्हात वाळला की मुखवटा सुटतो. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात कागदाच्या लगद्याचे मुखवटे नाचतात, ते याच जातीचे.

डोळ्यांची भोके तुम्ही पाडा. रंग, मिशा, बोलणे पोराचे. वर्गात मान खाली घालणारे लेकरू वाघाच्या तोंडाआडून कधी धिटाईने बोलू लागते. मिशी वाकडी झाली तर असू द्या. ती सरळ करायला हात घातलात, की वाघ पुन्हा गप्प!